नांव सांगा, मग बोला

सन 1968 च्या जानेवारी महिन्यांतील 21 तारखेची रात्र. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल थंडीनें गारठून गेली होती. शहराच्या उत्तरेकडील डोंगर उतरून सैनिकांची एक तुकडी रस्त्यानें चालत होती. अंगावर दक्षिण कोरियाच्याच सैन्याचा पोशाख, त्यावर तेथल्याच एका पलटणीचीं चिन्हें, चाल शिस्तीची. राष्ट्राध्यक्षांचें निवासस्थान तेथून एक किलोमीटरहि दूर नव्हतें. वाटेंतील नाक्यावर एका पोलिस अधिकाऱ्यास संशय आला. त्यानें तुकडीस अडवून विचारपूस सुरू केली, आणि उत्तरादाखल गोळ्या सुटल्या. ते 31 जण राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या वधासाठीं उत्तर कोरियानें पाठविलेले होते. तो अधिकारी प्राणास मुकला. हल्लेखोरांपैकीं एक जिवंत हातीं लागला आणि बहुतेक सारे पुढील कांहीं दिवसांत मारले गेले.

या प्रसंगानें राज्यकर्त्यांच्या मनांत एक धास्ती कायमची घर करून बसली. पोशाख आपला, भाषा आपली, चेहरा आपला. मग आपला माणूस ओळखावयाचा कसा? उत्तर निघालें तें क्रमांकाचें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत नागरिकांस ओळखपत्रें देण्यास आरंभ झाला आणि प्रत्येकास बारा आंकड्यांचा एक निवासी क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक स्वतः पार्क यांनीं घेतला. तो 110101-100001 असा होता. पुढें 1975 सालीं आणखी एका आंकड्याची भर पडून क्रमांक तेरा आंकडी झाला. पहिल्या सहा आंकड्यांत जन्मतारीख, सातव्यांत स्त्री कीं पुरुष हा भेद, त्यानंतर नोंदणीच्या ठिकाणाची खूण, आणि शेवटचा आंकडा आधींच्या बारांवरून ठराविक गणितानें काढलेला. जन्मभर न बदलणारा हा क्रमांक बँक, दवाखाना, नोकरी अशा सर्व ठिकाणीं मागितला जाऊं लागला. हेरांच्या भीतीपोटीं जन्मास आलेल्या या क्रमांकाला चाळीस वर्षांनीं एक निराळेंच काम सांगण्यांत आलें. माणसानें चार लोकांत बोलण्यापूर्वीं आपण कोण हें सिद्ध करावें, म्हणून त्यास जाहीर चर्चेच्या दारांत द्वारपाल करून उभें केलें. त्या द्वारपालानें कोणास अडविलें आणि कोणास बिनदिक्कत आंत सोडलें, ही हकीकत पाहण्यासारखी आहे.

कोरियांतील जाहीर चर्चेचा इतिहास फार जुना नाहीं. 1961 पासून 1987 पर्यंत त्या देशावर लष्करी सेनानींचा अंमल होता. सरकारविरुद्ध बोललेला शब्द कोणाच्या कानीं जाईल याचा नेम नसे, आणि बोलणाराचें नांव कळणें म्हणजे त्याच्या दारीं पोलिस येणें, हा अनुभव एका सबंध पिढीनें घेतला होता. 1987 सालीं लोकांनीं रस्त्यावर येऊन लोकशाही मिळविली. पुढच्याच वर्षीं घटना न्यायालयाची स्थापना झाली. त्यानंतर दहाबारा वर्षांच्या आंत जलद इंटरनेट घरोघर पोंचलें. त्या बाबतींत हा लहानसा देश जगाच्या पुढें होता. शाळकरी मुलापासून निवृत्त कारकुनापर्यंत सर्वजण टोपणनांवानें बातम्यांखालीं प्रतिक्रिया लिहूं लागले, चर्चापीठांवर वाद घालूं लागले. 2000 सालीं निघालेल्या ओमायन्यूज या पत्रानें तर वाचकांनाच बातमीदार केलें. डिसेंबर 2002 मधील निवडणुकींत रोह मू-ह्यून हे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांत इंटरनेटवर जमलेल्या तरुण पाठीराख्यांचा वांटा मोठा होता, असें त्या वेळीं सर्वत्र बोललें गेलें.

पण जेथें गर्दी जमते तेथें चिखलहि होतो. 2005 सालीं सेऊलच्या भुयारी रेल्वेंत एका तरुणीच्या कुत्र्यानें डब्यांत घाण केली आणि तिनें ती साफ करण्यास नकार दिला. कोणी तरी तिचें छायाचित्र काढून प्रसिद्ध केलें, आणि कांहीं दिवसांत तिच्यावर शिव्याशापांचा असा पाऊस पडला कीं एका क्षुल्लक अपराधापायीं तिला तोंड दाखविणें अशक्य झालें. गायक, नट, खेळाडू यांच्या वांट्यास तर हें नित्याचेंच होतें. खोट्या कंड्या, कुचेष्टा, चारित्र्यावर शिंतोडे, आणि लिहिणारा कोण हें कोणासच ठाऊक नाहीं. निनावी पत्राचा उपद्रव प्रत्येक गांवास माहीत असतो. येथें तेंच निनावी पत्र एका क्षणांत लाखों घरांत जात होतें. तेव्हां नांव सांगितल्याविना कोणास बोलूं देऊं नये, ही मागणी कांहीं हुकूमशाही वृत्तीच्या माणसांचीच होती असें नव्हे. ती पुष्कळशा सज्जनांची, मुलांच्या आईबापांची आणि दुखावलेल्या माणसांची मागणी होती.

कायदा टप्प्याटप्प्यानें आला. 2004 सालीं निवडणूक कायद्यांत एक कलम घालून, प्रचाराच्या दिवसांत वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर उमेदवारांविषयीं लिहिणाऱ्यांनीं खरें नांव पटवून द्यावें, असें ठरविण्यांत आलें. नंतर डिसेंबर 2006 मध्यें संसदेनें सर्वसाधारण कायदा संमत केला आणि जुलै 2007 पासून तो अंमलांत आला. ज्या पोर्टलांवर दररोज तीन लाखांहून अधिक लोक येतात आणि ज्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर दोन लाखांहून अधिक येतात, त्या सर्वांनीं लिहिणाराची ओळख पटविल्याविना त्याचा मजकूर घेऊं नये, असा हा नियम. इंटरनेटच्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या रोह यांच्याच कारकीर्दींत तो व्हावा, हा योगायोग त्या काळीं अनेकांस खटकला.

या व्यवस्थेची रचना वरकरणी सौम्य होती. वाचकांना लिहिणाराचें खरें नांव दिसत नसे. टोपणनांव पूर्वींप्रमाणेंच चाले. मुखवटा घालण्यास मोकळीक होती, परंतु मुखवट्याखालचा चेहरा दाराशीं दाखवावा लागे. खातें उघडतांना नांव आणि तेरा आंकडी क्रमांक लिहावयाचा. संकेतस्थळ तो पत तपासणाऱ्या कंपन्यांच्या नोंदींशीं ताडून पाही. जुळला कीं दार उघडे. ही ओळखीची माहिती संकेतस्थळानें जतन करून ठेवावी, मजकूर निघून गेल्यावरहि सहा महिने ठेवावी, असें बंधन होतें. म्हणजे शेंकडों खाजगी कोठारांत साऱ्या राष्ट्राचीं नांवें आणि क्रमांक सांठूं लागले. आणि क्रमांकाची घडण ठराविक गणिताची असल्यामुळें हुबेहूब दिसणारे खोटे क्रमांक तयार करून देणाऱ्या आज्ञावल्या पूर्वींपासूनच हिंडत होत्या. कायदा करणारांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. खऱ्या नांवाची जोड मागितली म्हणजे खोट्या क्रमांकाचें कांहीं चालणार नाहीं, असा त्यांचा हिशेब होता. दुसऱ्याचें खरें नांव आणि खरा क्रमांक घेऊन कोणी आला तर काय, याचा विचार मात्र मागें पडला.

कायद्याची पहिली कसोटी दुःखाची होती. 2 ऑक्टोबर 2008 रोजीं चोई जिन-सिल या लोकप्रिय अभिनेत्रीनें आत्महत्या केली. त्याच्या आदल्या महिन्यांत एक नट कर्जाच्या ओझ्याखालीं मरण पावला होता आणि त्यास या अभिनेत्रीनेंच व्याजानें पैसे देऊन पिळलें, अशी खोटी कंडी पिकविण्यांत आली होती. तिच्या मृत्यूनें देश हळहळला. सत्ताधारी पक्षानें ताबडतोब कायदा आणखी कडक करण्याची घोषणा केली. पण खरें नांव पटवून देण्याचा कायदा त्या वेळीं अंमलांत येऊन सव्वा वर्ष झालें होतें, आणि मोठमोठीं पोर्टलें त्याच्या कक्षेंत होतीं, ही गोष्ट त्या गदारोळांत फार थोड्यांनीं बोलून दाखविली. जे तिच्याविषयीं वाईट लिहीत होते ते आपलीं नांवें दाराशीं देऊनच लिहीत होते. कंडीवर विश्वास ठेवणारास आपण कांहीं वाईट करीत आहों असें वाटतच नाहीं; मग तो नांव कां लपवील? कायद्यापूर्वीं आणि कायद्यानंतर तपासून पाहतां दुष्ट प्रतिक्रियांचें प्रमाण शेंकडा चौदाच्या आसपास होतें, तें जेमतेम एका टक्क्यानें खालीं आलें.

औषध लागूं पडत नाहीं असें दिसतांच वैद्यानें मात्रा वाढविली. एप्रिल 2009 पासून दररोज एक लाख लोक येतात अशीं सर्व संकेतस्थळें नियमाखालीं आलीं; त्यांची संख्या दीडशेंच्या घरांत गेली. त्यांत यूट्यूबहि होतें. त्याचे मालक गूगल यांनीं कोरियाच्या नागरिकांचे क्रमांक मागण्याऐवजीं, कोरिया हा देश निवडणाऱ्या सभासदांची चित्रफिती चढविण्याची व प्रतिक्रिया लिहिण्याची सोयच बंद केली. सभासदांनीं काय केलें? आपला देश म्हणून कोरियाऐवजीं 'जागतिक' असें निवडलें आणि पूर्वींप्रमाणें सर्व सुरू ठेवलें. कायद्याच्या जाळ्यांत राहिलीं तीं स्वदेशी संकेतस्थळें, आणि गिऱ्हाईक चाललें परदेशी दुकानांत.

त्याच सुमारास एका निराळ्या माणसाची गांठ या व्यवस्थेशीं पडली. दाउम या पोर्टलावर आगोरा नांवाचें एक चर्चापीठ होतें. 2008 च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील गोमांसाच्या आयातीविरुद्ध सेऊलमध्यें मेणबत्त्या घेऊन लाखों लोक जमले, तेव्हां त्या चळवळीचा हा जणू चव्हाटाच होता. या चर्चापीठावर 'मिनर्व्हा' या टोपणनांवानें कोणी एक गृहस्थ अर्थव्यवस्थेविषयीं लिहीत असे. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन पेढी बुडणार आणि कोरियाचें चलन घसरणार, हीं त्याचीं भाकितें खरीं ठरलीं आणि साऱ्या देशाचें लक्ष त्याच्याकडे लागलें. हा कोणी माजी बँक अधिकारी असावा, परदेशांत राहून आलेला असावा, असे तर्क चालले. जानेवारी 2009 मध्यें सरकारी वकिलांनीं त्यास अटक केली, तेव्हां तो घरीं बसून स्वतः अर्थशास्त्र वाचलेला तीस वर्षांचा एक बेकार तरुण निघाला. सरकारनें बँकांना डॉलर विकत घेऊं नका असा हुकूम दिल्याचें त्यानें लिहिलें होतें. तें खोटें असून देशाचें त्यामुळें नुकसान झालें, असा आरोप होता. एप्रिलमध्यें न्यायालयानें त्यास निर्दोष सोडलें, आणि डिसेंबर 2010 मध्यें ज्या कलमाखालीं त्यास पकडलें होतें तें कलमच घटना न्यायालयानें रद्द केलें. परंतु मधले तीन महिने त्यानें तुरुंगांत काढले होते. चर्चापीठांवर लिहिणाऱ्या इतरांस त्यांतून जो बोध घ्यावयाचा तो त्यांनीं घेतला. कित्येक नामांकित लेखकांनीं आपलें लिखाण परदेशी संकेतस्थळांवर हलविलें.

नंतर कोठार फुटलें. जुलै 2011 मध्यें नेइट आणि सायवर्ल्ड हीं दोन मोठीं संकेतस्थळें चालविणाऱ्या कंपनीच्या संगणकांत चोर शिरले आणि सुमारें साडेतीन कोटी सभासदांचीं नांवें, दूरध्वनि आणि निवासी क्रमांक घेऊन गेले. देशाची लोकसंख्याच तेव्हां पांच कोटींच्या आसपास होती. चोरीस गेलेला पैसा भरून निघतो, संकेतशब्द बदलतां येतो. पण जन्मतारीख पोटांत असलेला आणि जन्मभर न बदलणारा क्रमांक एकदां बाहेर गेला कीं गेलाच. (तो बदलून मागण्याचा हक्क नागरिकांस 2017 सालीं मिळाला, तोहि घटना न्यायालयानें निकाल दिल्यावर.) ज्यांच्याजवळ हीं नांवें व क्रमांक पडले त्यांना आतां कोणत्याहि दारांतून प्रतिष्ठित नागरिक म्हणून आंत जातां येत होतें. परदेशांतून खेळ खेळणाऱ्या, जाहिराती चिकटविणाऱ्या किंवा भांडणें लावणाऱ्या टोळ्यांना याहून अधिक काय हवें? द्वारपालाच्या हातांतील यादीच चोरांच्या हातीं लागली होती.

23 ऑगस्ट 2012 रोजीं घटना न्यायालयाच्या आठहि न्यायाधीशांनीं एकमतानें हा कायदा घटनाबाह्य ठरविला. निकालाचा युक्तिवाद साधा होता. कायद्यामुळें बेकायदा मजकूर लक्षांत येण्याजोगा कमी झाल्याचें दिसत नाहीं. लोक परदेशी संकेतस्थळांकडे गेले. ज्यांच्याजवळ निवासी क्रमांक नाहीं असे परदेशी रहिवासी बोलण्यास मुकले. माहिती चोरीस जाण्याचा धोका वाढला. आणि गुन्हेगाराचा शोध घेण्यास इतर साधनें असतांना सर्वच नागरिकांना संभाव्य गुन्हेगार समजून वागविणें योग्य नव्हे. नांव न सांगतां बोलण्याचा हक्क हाहि भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, असें न्यायालयानें स्पष्ट केलें. निवडणूक कायद्यांतील जुनें कलम मात्र तसेंच राहिलें.

या निकालास चार महिने होत आहेत तोंच एक विलक्षण प्रकार उघडकीस आला, आणि त्यानें गेल्या पांच वर्षांच्या साऱ्या वादावर नवा उजेड टाकिला. 19 डिसेंबर रोजीं राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. एका बाजूस मून जे-इन, दुसऱ्या बाजूस पार्क ग्युन-हे, म्हणजे पहिला क्रमांक घेणाऱ्या पार्क चुंग-ही यांची कन्या. मतदानास आठ दिवस उरले असतां, 11 डिसेंबरच्या संध्याकाळीं, विरोधी पक्षाचे लोक निवडणूक अधिकारी व पोलिस यांना घेऊन सेऊलच्या गांगनाम भागांतील एका बिऱ्हाडाच्या दाराशीं जमले. आंत राष्ट्रीय गुप्तवार्ता संस्थेची एक नोकर होती, आणि ती टोपणनांवांनीं चर्चापीठांवर प्रतिक्रिया लिहिते असा त्यांचा आरोप होता. तिनें दार उघडलें नाहीं; बाहेर गर्दी, वार्ताहर, आरडाओरड. दोन दिवसांनीं ती बाहेर आली. मतदानाच्या तीन दिवस आधीं पोलिसांनीं रात्रीं उशिरा जाहीर केलें कीं तपासांत कांहीं आढळलें नाहीं. पार्क ग्युन-हे निवडून आल्या.

आढळलें तें नंतर, हळूहळू. ती बाई एकटी नव्हती. गुप्तवार्ता संस्थेंत मनोयुद्धासाठीं म्हणून एक खातें होतें. त्याचा उद्देश उत्तर कोरियाच्या प्रचारास तोंड देणें हा सांगितला जाई. प्रत्यक्षांत तेथील नोकर अनेक नांवांनीं खातीं उघडून सरकारची वाहवा आणि विरोधकांची निंदा करीत होते. ट्विटरवर तर हें काम आज्ञावल्यांवर सोपविलें होतें: एक मजकूर लिहावयाचा आणि तो शेंकडों खात्यांनीं आपोआप उचलून पुढें पाठवावयाचा. सरकारी वकिलांनीं असे बारा लाखांहून अधिक संदेश न्यायालयापुढें ठेविले. 2017 सालीं संस्थेच्याच अंतर्गत चौकशींत निघालें तें याहून मोठें होतें. 2009 पासून 2012 पर्यंत बाहेरच्या नागरिकांचीं तीस पथकें हाताशीं धरलीं होतीं आणि त्यांत ऐन भरांत साडेतीन हजारांपर्यंत माणसें होतीं. सैन्याच्या सायबर विभागानेंहि असाच उद्योग केल्याचें पुढें सिद्ध झालें. संस्थेचे त्या वेळचे प्रमुख वोन से-हून यांच्यावरील खटला न्यायालयाच्या पायऱ्या चढत उतरत राहिला आणि अखेरीस एप्रिल 2018 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांची चार वर्षांची शिक्षा कायम केली.

या तारखा शेजारीं मांडून पाहण्यासारख्या आहेत. 2009 ते 2012 हींच तीं वर्षें, जेव्हां खरें नांव पटवून देण्याचा कायदा पूर्ण भरांत होता. मिनर्व्हानें नांव दिलें म्हणून, वा न दिलें म्हणून, त्यास शोधणें अवघड गेलें नाहीं. तो एक होता, त्याचें टोपणनांव एक होतें, आणि मागें संस्था नव्हती. ज्यांच्याजवळ हजार नांवें होतीं त्यांना मात्र त्या द्वारपालानें कधीं हटकलें नाहीं. 1968 च्या त्या रात्रीं परक्या हेरांनीं आपल्या सैनिकांचे पोशाख घातले होते. येथें आपल्याच हेरांनीं साध्या नागरिकांचे पोशाख घातले होते.

कोरिया हा कायदा टाकून देत असतां शेजारच्या चीननें नेमका तोच उचलला. डिसेंबर 2011 मध्यें पेकिंगच्या नगरशासनानें स्थानिक संदेशस्थळांच्या सभासदांस खरीं नांवें नोंदविण्यास फर्माविलें, आणि पुढील वर्षांत तो नियम देशभर पसरला. तेथें घटना न्यायालयाचा प्रश्न नव्हता. भारतांतहि ही कल्पना डोकावून गेली आहे: सोशल मीडियावरील खातीं आधार क्रमांकाशीं जोडावींत अशी मागणी मद्रास उच्च न्यायालयांत झाली होती आणि 2019 सालीं तो वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. 2021 च्या नियमांत मोठ्या संकेतस्थळांनीं ओळख पटविण्याची सोय ठेवावी असें म्हटलें, पण ती सभासदाच्या मर्जीवर ठेविली. असो.

कोरियाचा अनुभव एवढ्यावर संपला नाहीं. पुढची गोष्ट समजण्यासाठीं तेथील बातम्या लोक कसे वाचतात तें पाहिलें पाहिजे. बहुतेक लोक वृत्तपत्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावर न जातां नेव्हर नांवाच्या पोर्टलावर सर्व बातम्या एकत्र वाचत. प्रत्येक बातमीखालीं प्रतिक्रिया, आणि प्रत्येक प्रतिक्रियेखालीं 'सहमत' आणि 'असहमत' अशीं दोन बटणें. ज्या प्रतिक्रियेस अधिक सहमती, ती सर्वांत वर. हजार प्रतिक्रियांपैकीं वाचक पहिल्या चारपांचच वाचतो आणि लोकांचें मत हें असें आहे, अशी समजूत करून घेतो. त्यामुळें लोकमत बदलण्यास लेख लिहिण्याची आवश्यकता राहिली नाहीं. बटण दाबलें कीं पुरे. आणि बटण दाबण्यास माणूसहि लागत नाहीं. एक आज्ञावली एका खात्यांतून आंत जाते, बटण दाबते, बाहेर येते, मागची खूण पुसते, जोडणीचा पत्ता बदलते, दुसऱ्या खात्यांतून पुन्हां आंत जाते. माणूस असल्याचें भासवून राबणाऱ्या अशा यंत्रासच सर्रास बॉट म्हणतात. पत्ता बदलण्यासाठीं मोबाइल फोनांची रांग मांडून ठेविली कीं झालें. फोन क्षणभर बंद करून पुन्हां जोडला कीं नवा पत्ता मिळतो.

जानेवारी 2018 मध्यें, हिवाळी ऑलिंपिकच्या आधीं, दोन्ही कोरियांचा मिळून स्त्रियांचा आइस हॉकीचा संघ उतरविण्याचें ठरलें. त्या बातमीखालीं सरकारविरोधी प्रतिक्रियांस अचानक भराभर सहमती मिळूं लागली. आतां सत्तेवर मून जे-इन यांचा पक्ष होता. हा उद्योग विरोधकांचाच असणार, अशा खात्रीनें त्या पक्षानें पोलिसांत तक्रार केली. पोलिसांनीं माग काढला तो सेऊलजवळील पाजू गांवांत, एका प्रकाशन संस्थेच्या कचेरींत पोंचला. तेथें शंभराहून अधिक मोबाइल फोन सांपडले, आणि पकडलेले लोक निघाले सत्ताधारी पक्षाचेच सभासद. त्यांचा म्होरक्या 'ड्रुकिंग' या टोपणनांवानें वर्षानुवर्षें राजकारणावर लिहीत असे. 2017 च्या निवडणुकींत त्यानें मून यांच्या बाजूनें हेंच यंत्र चालविलें होतें. त्याच्या मोबदल्यांत आपल्या एका स्नेह्यास ओसाका येथील वाणिज्यदूताची जागा द्यावी अशी त्याची मागणी होती. ती मान्य झाली नाहीं, तेव्हां त्यानें यंत्राचें तोंड फिरविलें. त्या आज्ञावलीस त्यानें नांव दिलें होतें 'किंग क्रॅब', म्हणजे खेकड्यांचा राजा.

या प्रकरणांतील एक तपशील विसरण्याजोगा नाहीं. त्या एका बातमीखालीं वापरलेलीं 614 खातीं हवेंतून निर्माण केलेलीं नव्हतीं. ड्रुकिंगनें अर्थकारणाच्या अभ्यासासाठीं म्हणून एक मंडळ जमविलें होतें, आणि त्याच्या अनुयायांनीं आपलीं खातीं त्याच्या स्वाधीन केलीं होतीं. खातें खरें, नांव खरें, फोन खरा, माणूसहि खरा. बटण मात्र यंत्र दाबीत होतें. ओळख पटविण्याची कितीहि कडक चौकी बसविली असती तरी हीं खातीं तींतून सहीसलामत पार झालीं असतीं. पुढें अशा खात्यांची संख्या दोन हजारांवर आणि दाबलेल्या बटणांची संख्या कोट्यवधींवर गेल्याचें खटल्यांत सांगण्यांत आलें. ड्रुकिंगला तीन वर्षांची शिक्षा झाली. मून यांचे निकटवर्ती आणि दक्षिण ग्योंगसांग प्रांताचे राज्यपाल किम क्योंग-सू यांनीं या यंत्राचें प्रात्यक्षिक पाहून संमति दिली, असें न्यायालयानें मानलें. त्यांनीं तें शेवटपर्यंत नाकारलें. जुलै 2021 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांची दोन वर्षांची शिक्षा कायम केली आणि त्यांचें पद गेलें. वोन से-हून यांची शिक्षा कायम होण्याचा दिवस आणि ड्रुकिंगचें प्रकरण वृत्तपत्रांत फुटण्याचा दिवस, हे दोन्ही 2018 च्या एप्रिलमधील एका आठवड्याच्या अंतरानें आले. एक पक्ष हेरखात्याकडून काम करून घेत होता आणि दुसऱ्या पक्षासाठीं भाडोत्री भक्त राबत होते. लोकमताचा मुखवटा दोघांनींहि घातला.

नेव्हरनें त्यानंतर जे उपाय केले त्यांत नांव विचारण्याचा उपाय नव्हता, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. एका खात्यास एका बातमीखालीं दिवसांत तीनच प्रतिक्रिया लिहितां येतील आणि चोवीस तासांत पन्नासच वेळां बटण दाबतां येईल, अशी मर्यादा घालण्यांत आली. 2019 च्या ऑक्टोबरमध्यें आणखी एका तरुण गायिकेचा मृत्यू झाला, तेव्हां दाउमनें मनोरंजनाच्या बातम्यांखालील प्रतिक्रियाच बंद केल्या, आणि मार्च 2020 मध्यें नेव्हरनेंहि तेंच केलें. प्रत्येकाच्या जुन्या प्रतिक्रिया इतरांस एकत्र पाहतां येतील अशी सोय त्याच सुमारास झाली. म्हणजे माणूस कोण आहे यापेक्षां तो पूर्वीं काय बोलला आहे हें वाचकास दिसूं लागलें, आणि निंदकाची ओळख पटण्यास तें बहुधा पुरेसें असतें. 28 जानेवारी 2021 रोजीं घटना न्यायालयानें निवडणूक कायद्यांतील सतरा वर्षांचें जुनें कलमहि सहा विरुद्ध तीन मतांनीं रद्द केलें. 2010 आणि 2015 सालीं याच न्यायालयानें तें वैध ठरविलें होतें.

तरी ओळख विचारण्याची हाक पुन्हां उठलीच, आणि या वेळीं तिला कारणहि तसेंच मिळालें. 1 ऑक्टोबर 2023 रोजीं चीनमधील हांगचौ येथें आशियाई क्रीडास्पर्धांत कोरिया आणि चीन यांच्यांत पुरुषांचा फुटबॉलचा सामना होता. दाउमनें आपल्या पानावर आवडत्या संघास प्रोत्साहन देण्याचें एक बटण ठेविलें होतें. तें दाबण्यास खातें लागत नसे, नांव लागत नसे, कितीहि वेळां दाबावें. येथें द्वारपालच नव्हता. कोरियाच्या लोकांसाठीं कोरियन भाषेंत चालणाऱ्या त्या पानावर दहांपैकीं नऊ प्रोत्साहनें चीनच्या संघास मिळत आहेत, हें पाहून लोक चकित झाले. शत्रु घरांत शिरला, अशी ओरड झाली. पंतप्रधानांनीं चौकशीसाठीं खास पथक नेमण्याचा हुकूम दिला, आणि प्रतिक्रिया लिहिणारा कोणत्या देशांतून लिहितो हें दाखविण्याची सक्ती करावी अशी मागणी सत्ताधारी पक्षानें पुढें केली. दाउमच्या चालकांनीं हिशेब तपासला. तीन कोटींहून अधिक वेळां बटण दाबलें गेलें होतें, आणि त्यांपैकीं जवळजवळ दोन कोटी वेळां तें परदेशांतील केवळ दोन पत्त्यांवरून दाबलें गेलें होतें. एक पत्ता नेदरलँड्सचा, दुसरा जपानचा. दाउमनें तें बटण काढून टाकिलें.

प्रत्यक्ष मैदानावरील सामना कोरियानें दोन विरुद्ध शून्य असा जिंकला होता.